सुभेदारांनी निवडलेली शाळा

७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. हा दिवस पाळला जातो हे योग्यच आहे. त्या शाळेत हा मुलगा घरून नेलेल्या गोणपाटावर बसत होता आणि शिपाई नसेल त्या दिवशी त्याला पाणी मिळत नव्हते, हे त्या दिवशीच्या भाषणांतून सांगितले जाते. तेही योग्यच. परंतु बाबासाहेबांच्या शिक्षणात आणखी एक प्रवेश झाला. त्याचा दिवस आपण पाळत नाही, त्याची चर्चाही करीत नाही. १९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी सकपाळ आपले कुटुंब घेऊन मुंबईला आले. धाकट्या मुलाचे नाव आधी मराठा हायस्कुलात घातले आणि थोड्याच महिन्यांत तिथून काढून एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले.

साताऱ्याला जी शाळा होती तीत मुलगा गेला. मुंबईत अनेक शाळा होत्या आणि त्यांतून बापाने एक निवडली. मला हा फरक फार मोठा वाटतो. जिला पिढ्यान् पिढ्या शाळेचा उंबरठाच बंद होता अशा एका महार कुटुंबातला माणूस महानगरात उभा राहतो, दोन शाळांची तुलना करतो, एक पुरेशी नाही असे ठरवतो आणि मुलाला दुसरीत घालतो. आज मध्यमवर्गीय घरात हीच गोष्ट दर उन्हाळ्यात घडते, म्हणून ती साधी वाटते. ती साधी नव्हती. शाळा निवडणे म्हणजे काय, ती निवडण्याचा अधिकार आपल्या माणसाच्या हाती कसा आला आणि त्या निवडीची किंमत घरातल्या कोणी मोजली, हे तीन प्रश्न मला या लेखात तपासायचे आहेत. मी एरंडोलला कॉलेजात शिकवतो. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आलेले नाहीत.

प्रथम शाळेच्या नावाकडे पाहू. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि आपला खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. त्या वेळी दख्खनचा कमिशनर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. म्हणजे एरंडोल, पारोळा, अमळनेर हा आमचा मुलूख ज्याच्या हाताखाली प्रथम आला, तोच हा गृहस्थ. पुढे १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. तो परत गेला तेव्हा मुंबईच्या प्रतिष्ठितांनी त्याच्या नावे वर्गणी जमवली आणि तीतून जी संस्था उभी राहिली तिच्यापासूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन हायस्कूल झाले. हा शिक्षणाचा मोठा पुरस्कर्ता म्हणून शालेय पुस्तकांतून ओळखला जातो. परंतु त्याच्या शिक्षणविषयक टिपणात एक मुद्दा आहे, तो शालेय पुस्तकांत येत नाही. त्याचा आशय असा: मिशनऱ्यांच्या अनुभवाप्रमाणे सर्वांत खालच्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, तथापि त्यांना खास उत्तेजन देताना सरकारने सावध राहावे, कारण आपली शिक्षणपद्धती प्रथम त्यांच्यात रुजली तर ती त्यांच्यापलीकडे कधीच पसरणार नाही.

हा युक्तिवाद नीट पाहावा. मुले हुशार आहेत हे त्याला मान्य होते. बुद्धीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो वरच्या जाती रुसण्याचा. राज्यकर्त्याने आपल्या राज्याच्या सोयीसाठी वरच्या जातींचा रुसवा हे धोरण म्हणून स्वीकारले आणि खालच्या जातींची बुद्धी राखीव ठेवून दिली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन सादर करताना बाबासाहेबांनी हे टिपण पुन्हा बाहेर काढले, ते उगीच नव्हे. ज्याच्या नावाच्या शाळेत ते शिकले, त्याच माणसाच्या लेखणीने त्यांच्या समाजाला शाळेच्या रांगेत शेवटी उभे केले होते.

दुसरा प्रसंग १८५६ चा. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्या मुलाने जून महिन्यात मुंबई सरकारकडे अर्ज केला. या मुलाचे नाव आपल्या मुलांना पाठ असायला हवे होते, परंतु इतिहासाने ते आपल्यापर्यंत पोचू दिले नाही. २१ जुलै १८५६ ला सरकारने निर्णय दिला. न्याय मुलाच्या बाजूने आहे असे सरकारने कबूल केले आणि तरीही प्रवेश दिला नाही. एका व्यक्तीसाठी हस्तक्षेप केला तर शाळा बाकीच्या जनतेला निरुपयोगी होईल, असे कारण दिले. म्हणजे एल्फिन्स्टनसाहेबांचे टिपण तीस वर्षांनी हुकूम होऊन बाहेर पडले. पुढच्या वर्षी हिंदुस्थान सरकारने या प्रकरणी वेगळा सूर लावला. बंगालमध्ये असा प्रवेश बहुधा नाकारला गेला नसता असे म्हटले. १८५८ साली विलायतेतल्या कंपनीच्या संचालक मंडळाने स्पष्ट केले की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत.

कागदावर हे तत्त्व आले. गावात ते आले नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात महार-मांगांची मुले जातिद्वेषामुळे शाळांबाहेरच आहेत हे त्यांना पुन्हा सांगावे लागले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्यांनी तेथेच केली. १८५८ चा खलिता आणि १८८२ चे निवेदन यांच्यामध्ये चोवीस वर्षे गेली. या काळात पडवीत बसणारी, खिडकीबाहेरून ऐकणारी आणि मास्तरने छडीऐवजी ढेकूळ फेकून मारलेली आपली किती मुले होऊन गेली याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आता सुभेदारांनी केलेल्या निवडीचा अर्थ लागू लागतो. सरकारी शाळेत मुलाला नाकारता येत नाही, हे तत्त्व त्यांच्या आधी पन्नास वर्षे एका अनाम मुलाच्या अर्जातून वर आले होते. गावातल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या डोळ्यांसमोर ते तत्त्व लंगडे पडत असे. मुंबईसारख्या शहरात, जिथे मास्तरला पालकाची जात विचारायची तर आधी पालकाला ओळखावे लागे, तिथे ते थोडे तरी उभे राहू शकत होते. एल्फिन्स्टन हायस्कूल सरकारी होते आणि शहरातल्या पहिल्या प्रतीच्या शाळांत गणले जात होते. सुभेदार रामजी स्वतः लष्करातल्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. चांगली शाळा कशाला म्हणतात हे त्यांना कोणी सांगायला नको होते. लष्कराने महारांची भरती बंद केली होती. ज्या वाटेने ते स्वतः शिकले ती वाट त्यांच्या मुलांना उरली नव्हती. म्हणून नवी वाट शोधताना त्यांनी जवळची शाळा पाहिली नाही, स्वस्त शाळा पाहिली नाही, आपल्या लोकांची शाळा पाहिली नाही. त्यांनी सर्वांत चांगली आणि ज्यात कायद्याने नाकारता येणार नाही अशी शाळा पाहिली. याला मी निवड म्हणतो.

ही निवड करताना त्यांच्या हाती काय होते? परळच्या गिरणी वस्तीतल्या डबक चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत जळण, त्याच खोलीत सगळ्यांचे झोपणे. बापाने तोड काढली ती अशी: मुलाने संध्याकाळी लौकर झोपायचे, बापाने जागे राहायचे, रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवायचे आणि त्याच जागेवर बापाने आडवे व्हायचे. घर झोपलेले असताना रॉकेलच्या दिव्याखाली मुलगा वाचायचा. शाळा होती धोबी तलावाकडे, परळपासून सात-आठ किलोमीटरवर. चाळीतल्या मुलांची शाळा ती नव्हती. रोज सकाळी गिरणीच्या भोंग्याच्या जगातून निघायचे आणि वकील-डॉक्टर-व्यापाऱ्यांच्या मुलांत जाऊन बसायचे. म्हणजे शाळा निवडताना सुभेदारांनी मुलासाठी अंतरही निवडले, आणि ते अंतर केवळ रस्त्याचे नव्हते.

बाबासाहेबांच्या जिद्दीचे दाखले देताना आपण ही खोली, हा दिवा, ही रात्र सांगतो. परंतु याच घरातली दुसरी गोष्ट सांगत नाही. भीमरावांचे थोरले भाऊ आनंदराव हेही शिकत होते. दोघांचा खर्च झेपेना. मग आनंदरावांची शाळा थांबली आणि ते जी. आय. पी. रेल्वेत कामाला लागले. पुस्तकांना पैसे कमी पडले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात. त्या आपला दागिना काढून देत, तो गहाण पडे आणि पेन्शन आली की सोडवून परत दिला जाई. हे बाबासाहेबांनीच पुढे सांगून ठेवले आहे. त्या बहिणींच्या शाळेचा प्रश्न त्या काळात कोणाच्या घरात उभाच राहिला नव्हता.

तेव्हा एल्फिन्स्टन हायस्कूल ही एका मुलाची शाळा होती असे म्हणणे अपुरे आहे. तिची फी आनंदरावांच्या थांबलेल्या शाळेतून भरली गेली, बहिणींच्या अंगावरच्या सोन्यातून भरली गेली, म्हाताऱ्या बापाच्या अर्ध्या झोपेतून भरली गेली. गरिबाच्या घरात शाळा निवडणे म्हणजे आधी मूल निवडणे असते. कोणाला पाठवायचे आणि कोणाला ठेवून घ्यायचे, हा प्रश्न श्रीमंताच्या घरात नसतो. आपल्या घरात तोच पहिला प्रश्न असतो. एका भाकरीचे दोन तुकडे करता येतात. एका वर्षाच्या मजुरीतून दोन मुलांची परगावची शाळा निघत नाही.

हे मी माझ्या घरात पाहिले आहे. मी सातवी झालो तेव्हा मुंबईच्या मामाने सांगावा पाठवला की एकाला माझ्याकडे पाठवा, इथल्या हायस्कुलात घालतो. आम्ही दोघे भाऊ. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात. वडिलांनी कोणताही समारंभ न करता ठरवले की धाकटा जाईल, कारण थोरल्याचे अंग कामाला तयार झाले होते. थोरल्याने नववीत शाळा सोडली. मुंबईत ज्या शाळेत मामा मला घेऊन गेला, तिथे टेबलामागच्या गृहस्थाने रेशनकार्ड मागितले, भाडेपावती मागितली, आणि मामाची झोपडपट्टी ऐकल्यावर आमच्या शाळेत तुमच्या मुलाला जड जाईल असे सांगितले. कायद्याने नाकारायचे नसले की काळजीच्या भाषेत नाकारतात, हे मला त्या दिवशी समजले नव्हते. इतिहास शिकवू लागल्यावर समजले. मी परत आलो, तालुक्याच्या वसतिगृहात राहिलो आणि शिकलो. माझे कॉलेजचे पहिले वर्ष भावाच्या वीटभट्टीवरच्या मजुरीतून निघाले. तो आज माझ्या नावापुढची पदवी लोकांना अभिमानाने सांगतो. त्या पदवीत त्याचा वाटा किती, हे विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर लिहिण्याची सोय नाही.

पुन्हा एल्फिन्स्टनकडे येऊ. शाळा निवडता आली म्हणजे सगळे निवडता आले असे नव्हते. भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. एकदा मास्तरांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गात गलका झाला. फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते उचलले. शहर, सरकारी शाळा, कायद्याचे संरक्षण, इंग्रज सरकार, सगळे असताना फळ्यामागे जात शिल्लक होती. म्हणून शहरात गेले की जात गळून पडते, असे जे आपल्यातले काही शिकलेले लोक बोलतात, त्यांनी तो फळा आठवावा. शहर जात पुसत नाही. फक्त तिला जागा बदलायला लावते. गावात ती विहिरीवर असते, शहरात डब्याजवळ असते, नोकरीत मुलाखतीच्या खोलीत असते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. वस्तीत सभा भरली, सी. के. बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र या मुलाच्या हाती ठेवले. हे २८२ गुण मी माझ्या वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहितो. ते साडेसदतीस टक्क्यांच्या जवळपास होतात. त्या काळच्या परीक्षेची आजच्या परीक्षेशी तुलना होत नाही हे खरे. परंतु टक्का म्हणजे बुद्धीचे माप असे मानणाऱ्यांना विचारले पाहिजे की तुमच्या कोणत्या यादीत या मुलाचे नाव आले असते? रात्री दोनला उठून वाचलेले तास, परळपासूनची पायपीट, नाकारलेले संस्कृत, फळ्याजवळचा गलका, यांचे गुण कोणत्या रकान्यात धरायचे? तरी त्या गुणांवर लोकांनी सभा भरवली. कारण त्यांना माहीत होते की हा निकाल एका मुलाचा नाही.

येथे इतिहासाला एक वळण मिळते आणि माझ्या मते तेच आपल्या विचाराचे केंद्र असले पाहिजे. सुभेदार रामजींनी एका घरापुरता जो प्रश्न सोडवला, तो त्यांच्या मुलाने पुढे साऱ्या समाजापुरता सोडवायला घेतला. १९२३ साली बोल्यांनीच मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा तो ठराव. आपण तो महाडच्या तळ्यामुळे लक्षात ठेवतो. परंतु त्यात शाळाही होती. १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत तिने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले. १९२८ मध्ये दलितवर्गीयांसाठी शिक्षणसंस्था काढून माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहांचे काम पुढे नेले. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ सालीच अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले होते, आणि १९१९ मध्ये वेगळ्या अस्पृश्य शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला होता.

या सगळ्यांनी शाळेआधी वसतिगृहाकडे का लक्ष दिले? कारण हायस्कूल शहरात होते आणि आपली माणसे खेड्यात होती. कायद्याने दार उघडले तरी दारापर्यंत पोचून तेथे रात्री झोपायला जागा लागते. डबक चाळीतल्या एका खोलीने जे काम एका मुलासाठी केले, ते काम हजारो मुलांसाठी करायचे तर चाळीतली खोली पुरत नाही, बहिणीचा दागिना पुरत नाही. बाबासाहेबांना हे घरातूनच कळले होते. ज्याच्याकडे मुंबईत मामा आहे तो शिकेल, ज्याच्याकडे नाही तो ढोरे राखेल, अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती. वसतिगृह म्हणजे साऱ्या समाजाने मिळून भाड्याने घेतलेली ती एक खोली होय.

आपल्या खानदेशाचा या इतिहासाशी संबंध केवळ दुरून नाही. १९२८ च्या अखेरीस मुंबई सरकारने दलित व आदिवासी जातींच्या परिस्थितीची चौकशी करायला स्टार्ट कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि कामाच्या वाटणीत त्यांच्या वाट्याला खानदेश आला. १९२९ साली धुळ्याकडचे काम आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनावरून न्यायला टांगा हवा होता. अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, तो हाकायला बसला. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला, कायदे मंडळात बसणारा माणूस, आमच्या जिल्ह्यात शाळा-रस्ते-पाणी यांची चौकशी करायला आला आणि त्याला स्टेशनापासून वस्तीपर्यंत नेणारे वाहन मिळाले नाही. १९३० च्या अहवालात या कमिटीने शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवण्यावर भर दिला. आपल्यापैकी ज्यांचे आजे-पणजे सरकारी शिष्यवृत्तीवर शिकले, त्यांच्या पाटीच्या मागे चाळीसगावचा तो मोडलेला पाय आहे.

आमचे एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. ज्या गावात कागद तयार होत होता, त्याच गावातल्या आमच्या वस्तीत त्या कागदावरचे एक अक्षर वाचणारा नव्हता. वस्तू गावात असणे आणि ती आपल्या हातात असणे, यातले अंतर यापेक्षा वेगळ्या शब्दांत मला सांगता येणार नाही. शाळेचेही तेच झाले. गावात शाळा आली तेव्हा आपण पडवीत होतो. आपण वर्गात आलो तेव्हा चांगली शाळा तालुक्याला गेली होती. आपण तालुक्याला पोचलो तेव्हा ती शहरात गेली होती.

बाबासाहेबांनी पुढे स्वतःच संस्था काढल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, मग रात्रशाळा, १९५० साली औरंगाबादेस मिलिंदची सुरुवात. सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, ज्यांना दिवसा पोटासाठी राबावे लागते त्यांच्यासाठी. रात्रशाळा तर उघडच अशा माणसांसाठी होती ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती. मला या रात्रशाळेत आनंदराव दिसतात. घरातल्या ज्या भावाला थांबावे लागले, त्याला पुन्हा वर्गात बसवण्याची ती व्यवस्था होती. मोठी शाळा निवडणाऱ्या बापाच्या पोटी जन्मलेल्या मुलाने, न निवडल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा काढली. या दोन गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय आंबेडकरी शिक्षणविचार समजत नाही.

आता आजच्या परिस्थितीकडे यावे लागेल. निवड हा शब्द आज फार स्वस्त झाला आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात एकाच संगणकीय पद्धतीने होऊ लागले. एरंडोलचा मुलगा मुंबई-पुण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांची नावे पसंतीक्रमात लिहू शकतो, दहापर्यंत नावे. टेबलामागच्या गृहस्थाला मधे पडता येत नाही, ही त्यातली चांगली बाजू आहे आणि ती मी कमी लेखत नाही. माझ्याकडे जून महिन्यात मुले-मुली येतात, मोबाईलवर ती यादी दाखवतात आणि विचारतात, सर, कोणते नाव पहिले टाकू? मी त्यांना उलट विचारतो, तिथे राहणार कुठे? बहुतेक वेळा येथे संभाषण थांबते. यादीत दहा कॉलेजे आहेत आणि डोक्यावर एक छप्पर नाही. ज्या मुलीचे नाव पुण्याच्या कॉलेजात लागते तिला घरचे पाठवत नाहीत, कारण वसतिगृहाची यादी प्रवेशाच्या यादीनंतर लागते आणि मधले दिवस तिने कुठे काढायचे याचे उत्तर कोणाकडे नसते. शेवटी ती आमच्याच तालुक्यात प्रवेश घेते आणि सरकारी कागदावर ही तिची पसंती म्हणून नोंदली जाते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना ठेवल्या. हा हक्क आठवीपर्यंतच आहे. म्हणजे जिथे हायस्कुलाची खरी शिडी सुरू होते, त्या पायरीवर तो संपतो. त्यातही २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना या जागांतून सूट दिली. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. जवळ तुमच्यासाठी शाळा आहे ना, मग तीच घ्या. या युक्तिवादाचा वंश मी वर सांगितला आहे. तो १८५६ च्या धारवाडपर्यंत जातो. आपल्या मुलाला शाळा द्यावी, पण ती निवडू देऊ नये, हीच त्यातली मेख आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी राज्याने स्वाधार योजना काढली; ती दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांना लागू होते. आठवी-नववीच्या मुलाने शहरात शिकायचे म्हटले तर त्याला आजही बहुधा मामाच लागतो.

कार्यकर्त्या मित्रांना आणि शिक्षकांना मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, शिष्यवृत्तीच्या रकमेसाठी आपण मोर्चे काढतो, तितक्याच जोराने वसतिगृहातल्या जागांसाठी आणि त्या वेळेवर मिळण्यासाठी काढले पाहिजेत. प्रवेशाची आणि वसतिगृहाची यादी एकाच दिवशी लागली पाहिजे ही मागणी लहान दिसते. पण तीवर मुलीचे शिक्षण अडते. दुसरी, शहरात नोकरीला लागलेल्या आपल्या लोकांनी जयंतीच्या मंडपाइतकीच एका खोलीची तजवीज करावी, जिथे गावाकडून आलेले मूल प्रवेशाचे पंधरा दिवस काढू शकेल. डबक चाळीतली खोली आपण विसरलो नाही हे दाखवण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. तिसरी, ज्या घरातून एक मूल शिकायला बाहेर पडले त्या घरात थांबलेल्या मुलाचे काय झाले, हे शिक्षकाने विचारले पाहिजे. पटावर जे नाव आहे त्याचीच हजेरी आपण घेतो. जे नाव पटावरून गेले त्याची चौकशी करणे हेही आपले काम आहे. रात्रशाळा, मुक्त शाळा, बाहेरून परीक्षा, जे असेल ते त्याच्यापर्यंत नेले पाहिजे.

सुभेदार रामजींनी जी शाळा निवडली ती योग्य होती, हे इतिहासाने सिद्ध केले. परंतु एका बापाला अशी निवड करताना दुसऱ्या मुलाची शाळा थांबवावी लागली, हेही त्याच इतिहासात आहे. पहिली गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. दुसरी गोष्ट पुन्हा घडू नये म्हणून वसतिगृहे, रात्रशाळा आणि शिष्यवृत्त्या यांची चळवळ झाली, आणि ती चळवळ पुरी झालेली नाही. ज्या दिवशी एरंडोल तालुक्यातल्या शेतमजुराच्या घरात दोन मुलांपैकी कोणाला पाठवू हा प्रश्न उरणार नाही, त्या दिवसापासून आपल्या माणसाने शाळा निवडली असे म्हणता येईल.